बोटभर

कुपवाडला, बंद सूतगिरणीच्या अलीकडं,
माझ्या पत्र्याच्या शेडमध्ये एक जुनी एस्टीम
बॉनेट उघडून उभी आहे तीन आठवडे.
बंपर भिंतीला टेकवलाय,
त्याच्यावर कुणीतरी टॉवेल वाळत घातलाय.

भरतेश मगदूम, हळदीच्या अडत्याचा धाकटा,
रोज दिवेलागणीला येतो आणि विचारतो,
"काका, बसतंय का?"
बसत नाही.

टर्बो बसला. इंटरकूलर जाळीच्या मागं, तोही बसला.
राहिली हवा.
हिकडनं तिकडं न्यायची, अडीच हात,
आणि मध्ये अख्खं गाव वसलेलं:
रेडिएटरचा पंखा, ब्रेकच्या तेलाची डबी,
गिअरची केबल, आणि कंपनीनं
कशासाठी ठेवला कळत नाही असला एक ब्रॅकेट.
बॅटरीला डिकीत धाडलं, तेवढी एक गल्ली मोकळी झाली.

मी आधी पीव्हीसीचा नमुना करतो.
ड्रिपवाल्याकडनं दोन इंची पाइप आणला, चार एल्बो.
तो म्हणाला, "मेस्त्री, द्राक्षं कधीपासनं लावली?"
कापायचं, चिकटपट्टी मारायची,
घालून बघायचं,
काढायचं.

एल्बो नव्वदचा असतो. हवेला नव्वद सोसत नाही.
पाण्याचं बरं, मागनं मोटर रेटते, जातं निमूट.
हवा कोपऱ्यात भोवरा करून बसते
आणि मागनं येणारीलाही अडवते.
साखर कारखान्यात बावीस सीझन वाफेच्या लाइनी टाकल्या,
एवढंच शिकलो:
वळण लावायचं तर लांबनं, हळू,
त्याला कळायच्या आत.

माझ्या पोराला मी नव्वदचं लावलं होतं.
पुण्यात असतो. दिवाळीला फोन करतो.

मग दूध संघाच्या भंगारात बेंड मिळाले, स्टेनलेसचे,
आतनं चमच्यासारखे गुळगुळीत.
नमुन्याबरहुकूम कापले, खडूनं खुणा केल्या,
पिशवीत घालून मिरजेला दस्तगीर शिकलगारकडं नेले.
त्याचा आजा सुऱ्यांना धार लावायचा,
हा आर्गन मारतो.
टाका बघावा तर गोधडीचा, एकाला लागून एक,
आणि आतल्या बाजूनं बोट फिरवलं
तर कुठं अडत नाही.

"इंजिनाला चिकटवू नकोस," तो काच वर करून म्हणाला,
"बोटभर सोड."
मला माहीत होतं. तरी ऐकून घेतलं.
उभं इंजिन दगडासारखं दिसतं,
चावी फिरवली की खांदा उडवतं,
रेस दिली की कूस बदलायला बघतं.
त्या हलण्याला जागा ठेवली नाही
तर पाइप तरी चिरतो
नाहीतर दुसरं काहीतरी.

तासगाव रोडला, रात्री साडेदहाला,
दुसरा गिअर, तिसरा, बारीक शीळ घुमायला लागली,
भरतेश हसत होता, आणि
फाट्!

कोल्ड स्टोरेजचा वॉचमन बॅटरी घेऊन आला.
"टायर फुटला?"
"नाही. हवा सुटली."
"मग तेच की," म्हणाला आणि परत गेला.

चूक माझीच. पाइपच्या टोकाला ओठ काढला नव्हता,
होज धरून राहील कशाला?
क्लॅम्प आवळून आवळून किती आवळणार.
परत मिरज.

आज वीस दिवसांनी गाडी आली, तक्रार काही नाही,
नुसतं दाखवायला.
फिल्टर काढला तर पिवळाधमक.
दगडावर आपटला, धूर उडावा तशी हळद उडाली,
माझ्या हातावर, चपलेवर, त्याच्या पांढऱ्या शर्टावर.

"कुठं लावतोस गाडी?"
"आप्पांच्या गोदामात. मागं, पोत्यांच्या आड."
"सांगितलंस त्यांना?"
तो फिल्टरकडं बघत राहिला.
शर्ट झटकला. आणखीच पसरलं.

मी फिल्टर बसवला, काही बोललो नाही.
बॉनेट लावायच्या आधी, सवयीनं,
पाइप आणि इंजिनाच्या मध्ये
बोट घालून बघितलं.
जातंय अजून.